एपीआय मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म निवडताना: आधी आपल्या रिक्वेस्टचा हिशोब, मग विक्रेत्यांची यादी

टीमकडे पाच सर्व्हिस (एकेक काम सांभाळणारे प्रोग्राम) असतात तेव्हा टोकन, म्हणजे बोलावणाऱ्याची ओळख पटवणारी खूण, तपासणं, रिक्वेस्ट मोजणं, लॉग लिहिणं ही कामं प्रत्येक सर्व्हिस आपापल्या कोडमध्ये करते आणि ते चालूनही जातं. सर्व्हिस पंचवीस झाल्या, बाहेरचे भागीदार जोडले गेले, की उणिवा दिसू लागतात. एका सर्व्हिसमध्ये टोकनची मुदत तपासली जाते, दुसरीत राहून गेलेली असते. एका भागीदाराचा प्रवेश बंद करायचा तर सात ठिकाणी कोड बदलावा लागतो. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घेण्याचं ठरलेलं दार. मग या दारांची सगळी कामं एका जागी करणाऱ्या एपीआय मॅनेजमेंट प्लॅटफॉर्मचा शोध सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तो विक्रेत्यांच्या तुलनेच्या तक्त्यापासून सुरू होतो. त्या तक्त्यात सगळ्यांपुढे सगळ्याच खुणा असतात, त्यामुळे त्यातून निवड होत नाही. खरा फरक तीन गोष्टींत पडतो: तुमच्या एपीआयला कोण बोलावतं, किती वेळा बोलावतं, आणि प्लॅटफॉर्मचा एखादा भाग बंद पडला तर काय होतं.

हिशोबासाठी एक नमुना धरू: २५ सर्व्हिस, एक मोबाईल ॲप, ३ भागीदार कंपन्या, रोज ४० लाख रिक्वेस्ट. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच राहील.

या नावाखाली काय काय येतं

गेटवे हा गाभा. प्रत्येक रिक्वेस्ट त्यातून जाते. तो टोकन तपासतो, मर्यादा लावतो, योग्य सर्व्हिसकडे पाठवतो. दुसरा भाग नियंत्रणाचा: कोणता मार्ग (पत्त्यातला डोमेननंतरचा भाग) कुठे जातो आणि कोणाला किती मर्यादा, हे जिथे लिहिलं जातं आणि जिथून गेटवेपर्यंत पोचतं. तिसरा भाग डेव्हलपर पोर्टल, जिथे बाहेरचे लोक दस्तऐवज वाचतात आणि स्वतः की, म्हणजे प्रवेशासाठीचा गुप्त कोड, घेतात. चौथा, वापराची आकडेवारी. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारी यंत्रणा, उदाहरणार्थ कीक्लोक, यापासून वेगळीच ठेवावी. पुढे प्लॅटफॉर्म बदलायची वेळ आली तर लॉगिनची सगळी व्यवस्था सोबत हलवावी लागत नाही.

अनेक टीमना फक्त पहिला भाग आणि दुसऱ्याचा थोडासा अंश लागतो. ज्यांचा एपीआय फक्त आपलंच मोबाईल ॲप वापरतं त्यांनी पोर्टलसाठी पैसे मोजणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. भागीदार दहाच्या आत असतील तोवर ओपनएपीआय या एपीआयचं वर्णन लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीतल्या फाइलमधून तयार केलेलं दस्तऐवजाचं एक पान आणि की देण्याची ठरलेली पद्धत एवढ्यावर नीट भागतं.

पायरी १: बोलावणाऱ्यांची यादी

लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरवर वाटणारी यंत्रणा) च्या गेल्या ३० दिवसांच्या लॉगमधून प्रत्येक मार्ग, त्याला बोलावणारा आणि रिक्वेस्टची संख्या काढा. बोलावणारे साधारण तीन गटांत पडतात. आपलं ॲप आणि वेबसाइट: इथे लॉगिन केलेल्या माणसाचं टोकन असतं. भागीदार: इथे कंपनीची ओळख, करारातली मर्यादा आणि तक्रार आल्यावर दाखवायचा पुरावा लागतो. आणि सर्व्हिस-सर्व्हिसमधली आतली बोलणी. हा तिसरा गट मुख्य गेटवेतून फिरवू नका. आतली प्रत्येक हाक बाहेरच्या दारापर्यंत जाऊन परत आली तर प्रत्येक रिक्वेस्टला एकदोन टप्पे वाढतात आणि गेटवे पडला की आतलं कामही थांबतं.

ही यादी करताना हमखास असे काही मार्ग सापडतात, जे कोणी वापरतं हेच टीमला ठाऊक नसतं. त्यांच्यापुढे मालकाचं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २: आकडे मांडा

४० लाख भागिले ८६,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सरासरी ४६ रिक्वेस्ट. पण रात्री तीनला आणि सकाळी दहाला सारखी वर्दळ नसते. लॉगमधून सर्वांत गर्दीचं मिनिट शोधा. समजा ते सरासरीच्या दहापट निघालं, तर ४६०. चाचणी त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ९०० वर करायची.

महिन्याला रिक्वेस्ट झाल्या १२ कोटी. अमेझॉनच्या एपीआय गेटवेचे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागाचे जाहीर दर धरले तर त्याच्या दोन प्रकारांपैकी रेस्ट प्रकाराला दहा लाखांमागे ३.५० डॉलर, एचटीटीपी प्रकाराला १ डॉलर. म्हणजे ४२० डॉलर विरुद्ध १२० डॉलर. मुंबई विभागाचे दर वेगळे पडतात, ते पाहून हिशोब करा.

लॉगचा खर्च बहुतेक जण विसरतात. प्रत्येक रिक्वेस्टमागे १ केबीची नोंद धरली तर महिन्याला १२० जीबी. रिक्वेस्टचा आणि उत्तराचा मजकूरही साठवायचं ठरवलं आणि तो सरासरी २० केबी निघाला तर तेच २.४ टीबी होतात. मजकूर साठवू नका. लॉगमध्ये वेळ, मार्ग, बोलावणारा, स्टेटस कोड, लागलेला वेळ आणि रिक्वेस्टचा क्रमांक एवढं पुरे. मजकूर साठवला की ग्राहकांची खासगी माहिती लॉगमध्ये येते आणि ती सांभाळायची जबाबदारीही.

स्वतः चालवायचा गेटवे असेल तर माणसांचा वेळ पैशात धरा: किमान दोन-तीन नोड (गेटवे चालवणारी यंत्रं), त्यामागचा डेटाबेस, सुरक्षेचे अपडेट, रात्रीचा फोन. महिन्याला ३ ते ५ दिवस एका माणसाचे धरलेत तर अंदाज फारसा चुकणार नाही. परवाना विकत घेणार असाल तर करारात "एक एपीआय" आणि "एक कॉल" यांची व्याख्या लेखी घ्या. हेल्थ चेकच्या (सर्व्हिस जिवंत आहे का हे पाहणाऱ्या) आणि नाकारलेल्या रिक्वेस्ट मोजल्या जातात का, हे विचारा.

पायरी ३: गुण देण्याआधी चाळणी

काही अटी हो किंवा नाही अशाच असतात. त्यांत बसत नाही त्याला यादीतून काढा, गुण देत बसू नका.

भारतात काम करणाऱ्या टीमसाठी पहिली अट माहितीच्या जागेची. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी लागते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. आपल्या नमुन्यात १८० दिवसांचे लॉग म्हणजे ७२० जीबी. अनेक प्लॅटफॉर्मचा गेटवे तुमच्या सर्व्हरवर चालतो, पण नियंत्रणाचा भाग आणि आकडेवारी विक्रेत्याच्या परदेशातल्या क्लाउडवर असते. तिथे नेमकं काय जातं, हे विचारा. मार्गातच ग्राहकाचा मोबाईल नंबर असेल तर "आम्ही फक्त मार्गाची नोंद घेतो" या उत्तरात तो नंबरही गेला.

दुसरी अट अंतराची. गेटवे सिंगापूरला आणि सर्व्हिस मुंबईत असेल तर प्रत्येक फेरीला साधारण ६० मिलिसेकंद वाढतात. अमेझॉनचे विभाग मुंबई आणि हैदराबादला आहेत, गूगलचे मुंबई आणि दिल्लीला आहेत, आणि अझ्युअरचा सेंट्रल इंडिया विभाग पुण्यात आहे. तुम्हाला हवी ती श्रेणी त्या विभागात मिळते का, हे वेगळं तपासा.

तिसरी अट: संपूर्ण मांडणी फाइलमध्ये लिहून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवता येते का? येत नसेल तर तो प्लॅटफॉर्म घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. विक्रेत्याच्या कन्सोलमध्ये (नियंत्रणाच्या वेबपानावर) हाताने केलेला बदल कोणी, कधी, का केला हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही, आणि मागे घेता तर त्याहून येत नाही.

पायरी ४: तीन उमेदवार निवडा

सगळं काम अमेझॉनवर असेल तर तिथला गेटवे पहिला पाहावा, पण रेस्ट आणि एचटीटीपी हे दोन प्रकार म्हणजे दोन वेगळी उत्पादनं समजा. एचटीटीपी स्वस्त आहे, मात्र त्यात भागीदारनिहाय की आणि युसेज प्लॅन (कीनुसार वापराच्या मर्यादा) नाहीत, कॅशिंग (आधीचं उत्तर साठवून तेच देणं) ही नाही. रेस्टमध्ये ते आहेत. तरी युसेज प्लॅनच्या मर्यादा काटेकोर नसतात, "शक्य तितक्या" पाळल्या जातात, हे अमेझॉनचे दस्तऐवजच सांगतात. करारातली मर्यादा पैशाशी जोडलेली असेल तर मोजणी स्वतःकडे ठेवा. रिक्वेस्टचा आकार १० एमबीच्या आत लागतो, म्हणून फाइल अपलोड गेटवेतून न नेता एस३ या अमेझॉनच्या फाइल साठवण्याच्या सेवेच्या मुदतीच्या लिंकवर पाठवा. रेस्टमध्ये सर्व्हिसकडून उत्तर येण्याची मुदत मुळात २९ सेकंद. २०२४ पासून काही प्रकारांत ती वाढवून मागता येते. आणि एक मोठा खड्डा: सेकंदाला १०,००० रिक्वेस्टची मूळ मर्यादा अख्ख्या खात्याला त्या विभागात मिळून असते, हैदराबादला तर ती २,५०० आहे. चाचणीचं आणि प्रत्यक्षाचं वातावरण एकाच खात्यात असेल तर तुमची लोड टेस्ट खऱ्या ग्राहकांच्या वाट्याच्या रिक्वेस्ट खाते.

अझ्युअरमध्ये नियम एक्सएमएलमध्ये लिहितात: आत येताना, बॅकएंडकडे (गेटवेमागच्या सर्व्हिसकडे) जाताना, बाहेर पडताना आणि चूक झाल्यावर असे चार विभाग. श्रेणी निवडताना सावध राहा. डेव्हलपर श्रेणीला सेवेची हमी नाही, म्हणून तिच्यावर खरं काम चालवू नये. कन्झम्प्शन श्रेणीत स्वतः ठरवलेल्या कीनुसार मर्यादा लावण्याचा नियम चालत नाही.

ॲपिजी हा एपीआय प्लॅटफॉर्म गूगलने २०१६ मध्ये घेतला. भागीदार शेकड्याने असतील आणि एपीआयचेच पैसे आकारायचे असतील तर ते विचारात घ्यावं. आपल्या नमुन्यातल्या टीमला ते जड पडेल. त्यात स्पाइक अरेस्ट आणि कोटा हे दोन नियम लोक हटकून एकमेकांच्या जागी वापरतात. स्पाइक अरेस्टमध्ये मिनिटाला ३० लिहिलं तर त्याचा अर्थ दर दोन सेकंदांना एक असा होतो, आणि एकाच सेकंदात आलेल्या दोनपैकी दुसरी रिक्वेस्ट परत जाऊ शकते. करारातली महिन्याची मर्यादा कोट्यात लिहायची.

स्वतः चालवायच्या गेटवेंमध्ये काँग, टाइक, अपाची एपीआयसिक्स आणि क्रॅकेनडी ही चार नावं पाहावीत. इथे गेटवे निवडताना तुम्ही एक डेटाबेसही निवडत असता. काँगला पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो किंवा तो नुसत्या फाइलवर डेटाबेसशिवाय चालतो. टाइकला रेडिस हा मेमरीत चालणारा जलद साठा लागतो. एपीआयसिक्सची मांडणी सहसा ईटीसीडी या साठ्यात राहते. क्रॅकेनडीला काहीच लागत नाही, एक मांडणीची फाइल पुरते. ज्याचा डेटाबेस तुमच्या टीममध्ये आधीच कोणी सांभाळतं, त्याला झुकतं माप द्या. फुकट काय आणि विकत काय, हेही नीट वाचा: काँगमध्ये ओपनआयडी कनेक्ट (बाहेरच्या ओळख यंत्रणेतून लॉगिनची प्रमाणित पद्धत) चं अधिकृत प्लगिन विकतच्या आवृत्तीत आहे, टाइकचा डॅशबोर्ड परवान्याने मिळतो.

पायरी ५: दोन आठवड्यांची चाचणी

नमुन्याचा खोटा एपीआय घेऊ नका. आपल्या सर्व्हिसपैकी एक सर्वाधिक वर्दळीची, एक मोठं उत्तर देणारी आणि एक हळू चालणारी अशा तीन निवडा. के६ सारख्या साधनाने ठरावीक वेगाने रिक्वेस्ट पाठवा. आधीचं उत्तर आल्यावरच पुढची रिक्वेस्ट पाठवणारी पद्धत वापरली तर सर्व्हर मंदावताच चाचणीही मंदावते आणि आकडे खोटे चांगले दिसतात.

चार फेऱ्या करा, प्रत्येकी १५ मिनिटं: थेट सर्व्हिसकडे, रिकाम्या गेटवेतून, टोकन तपासणी आणि मर्यादा लावून, आणि शेवटी लॉगसकट. सरासरी बघू नका, पी९५ आणि पी९९ लिहा, म्हणजे शंभरातल्या ९५ आणि ९९ रिक्वेस्ट किती वेळात आटोपतात तो वेळ. गेटवे आणि सर्व्हिस एकाच विभागात असताना तिसऱ्या फेरीत पी९९ पहिलीपेक्षा १० मिलिसेकंदांहून जास्त वाढला तर कारण शोधा. बहुतेकदा ते प्रत्येक रिक्वेस्टला ओळख यंत्रणेकडे जाणारी फेरी किंवा बॅकएंडशी दर वेळी नव्याने जोडलं जाणारं कनेक्शन असतं.

मग मोडतोड करा. रेडिस बंद करा. नियंत्रणाचा भाग एक तास बंद ठेवा, आणि त्या तासात गेटवेचा एक नोड पुन्हा सुरू करा. जुनी मांडणी घेऊन तो उठतो का, हे इथेच कळतं. मुदत संपलेलं सर्टिफिकेट लावा. मुद्दाम चुकीची मांडणी पाठवा आणि ती मागे घ्यायला किती मिनिटं लागतात ते मोजा. या चार प्रयोगांतून जे कळतं ते कुठल्याही विक्रेत्याच्या सादरीकरणातून कळत नाही.

मर्यादा लावताना काय चुकतं

सर्वाधिक घोळ याच भागात होतात. मिनिटाला १०० ही मर्यादा घड्याळाच्या मिनिटाप्रमाणे मोजली तर ५९व्या सेकंदाला १०० आणि पुढच्या मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला १००, अशा दोन सेकंदांत २०० रिक्वेस्ट नियमात बसतात. टोकन बकेट पद्धतीत प्रत्येक रिक्वेस्ट ठरावीक वेगाने भरणाऱ्या साठ्यातलं एक नाणं खर्च करते. त्यात भरण्याचा वेग आणि साठ्याचा आकार वेगळा देता येतो, म्हणून ती बरी.

दुसरी चूक मोजणीच्या जागेची. प्रत्येक नोड आपापलं मोजत असेल तर चार नोडवर १०० ची मर्यादा ४०० होते. काँगच्या रेट लिमिटिंग प्लगिनमध्ये मोजणी मुळात अशीच, नोडपुरती असते. सामायिक मोजणी हवी तर सहसा रेडिस लावावं लागतं. आणि ते पडलं तर रिक्वेस्ट जाऊ द्यायच्या की अडवायच्या, हे आधी ठरवावं लागतं. त्याच प्लगिनचा मूळ कल जाऊ देण्याकडे आहे. उत्पादनांच्या यादीसाठी ते ठीक. ओटीपी पाठवणाऱ्या मार्गासाठी मात्र अडवणंच योग्य, नाहीतर रेडिस बंद असलेल्या अर्ध्या तासात एसएमएसचं बिल वाढतं.

तिसरी, आयपीनुसार मर्यादा. गेटवेपुढे लोड बॅलन्सर असेल आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर (रिक्वेस्टसोबत येणारी, मूळ आयपी सांगणारी ओळ) कोणाकडून आलेला खरा मानायचा हे सांगितलं नसेल, तर सगळे ग्राहक एकाच आयपीचे दिसतात आणि सगळे एकदम अडकतात. उलट कोणाकडूनही आलेला हेडर खरा मानला तर कोणीही खोटा आयपी लिहून मर्यादा चुकवतो. शिवाय मोबाईलच्या जाळ्यावर हजारो लोक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. म्हणून लॉगिननंतर वापरकर्त्यानुसार किंवा कीनुसार मोजा. आयपीची मर्यादा सैल ठेवून फक्त लॉगिनच्या आधीच्या मार्गांना लावा.

नाकारताना ४२९ (मर्यादा ओलांडली) कोडसोबत रिट्राय-आफ्टर, म्हणजे किती वेळाने परत यावं हे सांगणारा हेडर द्या, आणि ॲपच्या टीमला परत प्रयत्नाच्या वेळेत थोडा यादृच्छिक फरक ठेवायला सांगा. सगळी ॲप बरोबर ६० सेकंदांनी परतली तर गर्दी जशीच्या तशी परत येते.

टाइमआउट आणि पुनःप्रयत्न

टाइमआउट म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत. बाहेरचा टाइमआउट मोठा, आतला लहान: ॲप ३० सेकंद, गेटवे २५, सर्व्हिस २०, डेटाबेसची क्वेरी १५. हा क्रम उलटा झाला तर ग्राहकाला "चूक झाली" दिसतं आणि आत ऑर्डर नोंदली जाते. पुनःप्रयत्न एकाच थरात ठेवा. ॲप, गेटवे आणि सर्व्हिस तिघंही तीन-तीनदा प्रयत्न करत असतील तर मंदावलेल्या डेटाबेसवर एका रिक्वेस्टच्या २७ होतात. पैसे किंवा ऑर्डरची नोंद करणाऱ्या (पोस्ट प्रकारच्या) रिक्वेस्टवर पुनःप्रयत्न हवाच असेल तर प्रत्येकीला ॲपनेच एक क्रमांक द्यावा आणि सर्व्हिसने तो क्रमांक आधी आला होता का ते पाहावं.

अधूनमधून, लोड कमी असतानाही, ५०२ (मागच्या सर्व्हिसकडून नीट उत्तर न मिळाल्याचा कोड) येत असतील तर कनेक्शन उघडं ठेवण्याची मुदत तपासा. नोड.जेएसच्या एचटीटीपी सर्व्हरमध्ये अनेक आवृत्त्यांत ती ५ सेकंद आहे, तर अमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर ६० सेकंद कनेक्शन धरून ठेवतो. सर्व्हिसने बंद केलेल्या कनेक्शनवर त्याच क्षणी रिक्वेस्ट पाठवली जाते आणि ५०२ येतो. सर्व्हिसची मुदत पुढच्या थरापेक्षा जास्त, म्हणजे इथे ६५ सेकंद ठेवा. काँगमध्ये अनपेक्षित ४०४ (मार्ग सापडला नाही) येत असेल तर स्ट्रिप पाथ ही सेटिंग बघा. ते मुळात चालू असतं, त्यामुळे जुळलेला मार्गाचा भाग सर्व्हिसकडे जाण्याआधी कापला जातो.

टोकन तपासणी कुठवर गेटवेची

गेटवेने टोकनची सही, देणारा, कोणासाठी दिलंय आणि मुदत हे चारही तपासावं. "कोणासाठी" हा तपास वगळला तर एका ॲपचं टोकन दुसऱ्या एपीआयवर चालतं. सह्या तपासायच्या सार्वजनिक की ठरावीक काळ साठवा, पण अनोळखी की दिसली तर नव्याने आणण्याची सोय ठेवा. नाहीतर की बदलल्याच्या दिवशी सगळे बाहेर फेकले जातात. घड्याळातल्या फरकासाठी ३० ते ६० सेकंदांची सूट पुरते.

मात्र हे टोकन असलेल्या माणसाला ऑर्डर क्रमांक ५०१ पाहण्याचा हक्क आहे का, हे गेटवेला कळत नाही. ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१९ आणि २०२३ च्या दोन्ही एपीआय सुरक्षा याद्यांत पहिला धोका हाच आहे. तो तपास सर्व्हिसच्या कोडमध्येच लागतो, प्लॅटफॉर्म कितीही महागडा घेतला तरी.

पायरी ६: ठरवा आणि हलवा

सवलत, कर किंवा ऑर्डरची स्थिती यांसारखे धंद्याचे नियम गेटवेच्या स्क्रिप्टमध्ये लिहू नका. पुढे प्लॅटफॉर्म बदलताना सर्वांत जास्त वेळ तेच खातं. एपीआयचा पत्ता विक्रेत्याच्या डोमेनवर न ठेवता स्वतःच्या डोमेनवर ठेवा. भागीदारांच्या की नव्या ठिकाणी आयात करता येतात का, हे करारावर सही करण्याआधी करून पाहा.

हलवण्याच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (पत्त्याची नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ६० सेकंदांवर आणा. मग १ टक्का वर्दळ नव्या गेटवेकडे वळवा आणि २४ तास थांबा. त्यानंतर ५, २५, ५० आणि १००. प्रत्येक टप्प्यावर ४०१ (ओळख पटली नाही), ४२९ आणि ५०२ यांचं प्रमाण जुन्या बाजूशी ताडून पाहा. ४०१ वाढले तर टोकनची मांडणी, ४२९ वाढले तर मोजणीची जागा, ५०२ वाढले तर टाइमआउट, या क्रमाने शोधा. शंभर टक्के झाल्यावर जुनी बाजू लगेच बंद करू नका: एखादा भागीदार पत्ता कोडमध्ये किंवा जुन्या आयपीवर बांधून बसलेला असतोच. ३० दिवस ती चालू ठेवा, उत्तरात सनसेट हेडरने बंद होण्याची तारीख कळवत राहा, आणि दर आठवड्याला तिथे अजून कोण येतंय ते पाहून त्या भागीदाराला फोन करा.